लोखंडी हाताच्या सरदाराची गोष्ट चाळीस मिनिटांत कशी सांगावी

आधी नाव म्हणायला शिका. ग्योट्स फॉन बर्लिशिंगन. आंघोळ करताना म्हणा, भाजी निवडताना म्हणा, पण जीभ वळल्याशिवाय लोकांसमोर उभे राहू नका. पहिल्या वेळी मी 'बर्लि'पर्यंत पोचलो आणि अडखळलो, तर पुढच्या रांगेतल्या आजोबांनी "बर्लिन ना?" म्हणून मदत केली. पुढची पाच मिनिटं बर्लिनची भिंत कोणी पाडली यात गेली. एकदा पूर्ण नाव ठणकावून सांगा, मग पुढे नुसतं 'ग्योट्स' म्हणा. कोणाची तक्रार येत नाही.

मी ३१ वर्षं मुंबईत कोर्टाचा बेलिफ होतो. लालबागला आमच्या वाचनालयात महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी कोणीतरी उभं राहून काहीतरी सांगतं. कोणी काशीयात्रा सांगतं, कोणी मधुमेह. माझ्या वाट्याला हा जर्मन सरदार आला आणि आता सात ठिकाणी सांगून झाला आहे. तुमचा आणि त्याचा काय संबंध, असं लोक विचारतात. संबंध नोटिशीचा. तो आधी नोटीस द्यायचा आणि मग लुटायचा. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटिसा वाटत फिरलो. ही गोष्ट सांगायची किल्ली मला तिथेच सापडली, म्हणून तुम्हालाही त्याच दाराने आत नेतो.

पहिला प्रयोग माझा साफ पडला होता. मी जन्मापासून सुरुवात केली: जन्म १४८० च्या आसपास, घराणं अमुक, साम्राज्य तमुक, त्यात इतके राजे, इतके बिशप, इतकी स्वतंत्र शहरं. बाराव्या मिनिटाला चहा आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहासाठी. घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, आधी हात दाखवा, मग साल सांगा." तेव्हापासून सुरुवात हातानेच करतो. तुम्हीही तशीच करा.

साल १५०४, गाव लांड्सहूट. बव्हेरियाच्या गादीवरून राजघराण्यात भाऊबंदकी पेटली होती. हा शब्द जरूर वापरा, आपल्या माणसांना त्यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. ग्योट्स चोवीस-एक वर्षांचा, घोड्यावर, हातात शस्त्र. न्यूर्नबर्ग शहराच्या लोकांनी तोफ डागली. न्यूर्नबर्गवाले त्याच्याच बाजूचे, पण त्यांच्या तोफा शत्रूवरही चालत होत्या आणि मित्रावरही, असं तो स्वतः सांगतो. गोळा त्याच्या तलवारीच्या मुठीवर बसला, मूठ फुटली आणि तिचा तुकडा मनगटात घुसला. हात नुसत्या कातडीवर लोंबत राहिला. त्याने काही झालंच नाही अशा थाटात घोडा वळवला आणि आपल्या लोकांकडे परत आला. पुढचे कित्येक महिने तो लांड्सहूटमध्येच अंथरुणाला खिळून होता.

इथे थांबा. घाई करू नका. पडल्या पडल्या त्याला आठवला एक जुना माणूस, कोखले नावाचा, एकाच हाताचा शिपाई, जो तरीही लढायचा. ग्योट्सने देवाला जे म्हटलं ते मी असं सांगतो: बारा हात असले आणि तुझी कृपा नसली तर बाराही फुकट. मग एका हाताने काय बिघडतं? ज्येष्ठ नागरिकांची सभा असेल तर या जागी शांतता होते. ती होऊ द्या. पाण्याचा घोट घ्या.

आता छत्री काढा. बटण दाबलं की फाडकन उघडणारी, साधी, पावसाळ्यात प्रत्येक घरात दोन असतात ती. ग्योट्सने करवून घेतलेले दोन लोखंडी हात आजही याग्स्टहाउझेनच्या गढीत ठेवलेले आहेत. पहिला साधा, दुसरा जास्त गुंतागुंतीचा, बोटं सांध्या-सांध्यात वाकणारी. पण तत्त्व छत्रीचंच. छत्री बंद करताना आपण काय करतो? छातीशी धरून जोर लावतो, स्प्रिंग दबते, खटका 'टक' करून अडकतो. ग्योट्स डाव्या हाताने लोखंडी बोटं दाबून मिटायचा, आत दातेरी तुकड्यावर खटका बसायचा, आणि मूठ जिथे होती तिथे घट्ट. लगाम धरा, तलवार धरा. सोडायचं असेल तेव्हा बटण, की स्प्रिंग बोटं सरळ करते. सभेत हे दाखवताना छत्री लोकांच्या तोंडाच्या दिशेने उघडू नका. मला हे सांगावं लागतं आहे यावरून काय ते समजा. आणि 'टक' आवाज माईकजवळ ऐकवा, मागच्या रांगेतल्या पोरांना तोच आवडतो.

एक चूक सगळे करतात. या हाताने तो बोटं हलवायचा असं सांगतात. नाही. बोटं आपोआप हलत नव्हती. दुसऱ्या हाताने मिटवावी लागत. म्हणजे घोड्यावर बसण्याआधीच ठरवावं लागे की आज उजवी मूठ काय धरणार.

हातानंतर नकाशा, पण मोठा युरोपचा नको. जर्मनीचा नकाशा लावलात की प्रश्न हिटलरचे येतात. एका कोऱ्या कागदावर पाच टिंबं काढा: याग्स्टहाउझेन, जिथे तो वाढला, म्योकम्यूल, जिथे पकडला गेला, हाइलब्रोन, जिथे कैदेत राहिला, क्राउटहाइम, जिथे शिवी दिली, आणि नेकर नदीवरचं हॉर्नबर्ग, जिथे मेला. ही सगळी गावं मिळून चर्चगेट ते विरार एवढ्या अंतरात मावतात. हे वाक्य बोललात की लोक पुढे सरकून बसतात. साम्राज्य वगैरे शब्दांनी डोळ्यांसमोर फार मोठं काहीतरी येतं. प्रत्यक्षात हा माणूस आयुष्यातली बरीच भांडणं लोकलच्या एका मार्गाएवढ्या पट्ट्यात भांडला.

आता कागद. माझ्या मते गोष्टीचं पोट इथे आहे आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ देतो.

त्या काळच्या जर्मन मुलखात, म्हणजे पवित्र रोमन साम्राज्यात, एखाद्या सरदाराचं कोणाशी वाकडं आलं तर तो सरळ जाऊन मारामारी करत नसे. केली तर तो दरोडेखोर ठरे. तो वैरपत्र धाडायचा. मी अमुक, तू तमुक, या कारणाने आजपासून मी तुझा शत्रू, माझ्यासोबत अमुक-अमुक मदतनीस, आणि या पत्राने माझी अब्रू सांभाळली गेली असं समजावं. १३५६ च्या एका शाही फर्मानाने तीन दिवस आधी कळवणं बंधनकारक केलं होतं. तीन दिवस. आमच्याकडे समन्स बजावताना एवढी मुदत मिळाली तरी पक्षकार गावी जाऊन लग्न लावून येतात.

सभेसाठी असं एक पत्र तयार करा. मी ते जाड पिवळ्या कागदावर लिहिलं, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलं आणि लाखेऐवजी लाल मेणबत्तीचा थेंब टाकून शिक्का मारला. मजकूर माझाच, कोर्टाच्या चालीवर (गुल्डन म्हणजे तिथलं सोन्याचं नाणं): "कोलोन शहराचे मेयर व कौन्सिल यांस कळविण्यात येते की, स्टुटगार्टच्या शिंप्याचे शंभर गुल्डन आपण आजतागायत दिले नसल्याने, खाली सही करणार हा आपला व आपल्या सर्व प्रजाजनांचा वैरी झाला आहे." हे पत्र वाचायच्या आधी खिशातून काढायचं, चष्मा लावायचा आणि समोरच्या एखाद्या गंभीर गृहस्थांच्या हातात देऊन "सही करा, मिळाल्याची" म्हणायचं. एकाने खरंच पेन काढलं होतं. पत्र परत मागून घ्या, नाहीतर ते घरी नेतात.

शिंप्याची भानगड खरी आहे. हान्स झिंडेलफिंगर नावाचा स्टुटगार्टचा शिंपी बंदुकीचा नेमबाज होता. कोलोनच्या नेमबाजी स्पर्धेत त्याने शंभर गुल्डनचं बक्षीस जिंकलं आणि शहराने हात वर केले. शिंपी बिचारा कोलोनशी कसा भांडणार? त्याने आपला दावा ग्योट्सकडे नेला. ग्योट्सने कोलोनचे व्यापारी धरले. इथे श्रोत्यांपैकी कोणीतरी नक्की म्हणतं, "वा, गरिबाचा कैवारी!" घाई करू देऊ नका. बुडीत उधारी गल्लीतल्या दादाला विकणारे दुकानदार आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. दादा उधारी वसूल करतो हे खरं. पण तो ती दुकानदारावरच्या मायेपोटी करतो का? सरदाराला भांडणासाठी कारण लागायचं, कारण असलं की वैरपत्र लिहिता यायचं, आणि वैरपत्र असलं की खंडणी ही खंडणी राहत नसे, भरपाई व्हायची. शिंप्याचे शंभर हे त्याला घरबसल्या मिळालेलं कारण होतं.

मग एक गोष्ट सांगा जी ऐकून सगळे गप्प होतात: हे सगळं बेकायदा होतं. १४९५ साली वोर्म्सला भरलेल्या राजसभेत राजा माक्सिमिलियनने (पुढे तोच सम्राट झाला) अशी वैरं कायमची बंद केली आणि तंटे सोडवायला त्याच वर्षी साम्राज्याचं वरिष्ठ न्यायालय उभं केलं. तेव्हा ग्योट्स पंधरा-एक वर्षांचा पोरगा. म्हणजे त्याने पुढे जी-जी वैरं केली ती सगळी कायदा होऊन गेल्यानंतरची. नोटीस बजावली म्हणून काम कायदेशीर होत नाही. हे मी ज्यांना समन्स द्यायला जायचो त्यातल्या अर्ध्यांना वकिलांनी सांगितलेलं नसायचं. कायदा झाला, कोर्ट बसलं, पण कोर्टाचा हुकूम गढीच्या दारात जाऊन बजावणार कोण? त्याला माणसं लागतात, पैसा लागतो. सम्राटाकडे ते पुरेसं नव्हतं. शहरं, राजे आणि काही सरदार यांची श्वाबियन संघ नावाची युती १४८८ पासूनच होती, तिने हे काम बऱ्याच प्रमाणात अंगावर घेतलं. ग्योट्सला आयुष्यात सगळ्यात जास्त त्रास झाला तो याच संघाचा.

पहिला मोठा फटका १५१२ चा. लाइपझिगच्या जत्रेतून परतणाऱ्या न्यूर्नबर्गच्या व्यापाऱ्यांना त्याने फोर्खहाइमजवळ गाठून लुटलं. सम्राटाने त्याला साम्राज्याच्या कायद्याबाहेर काढलं. हे समजावताना मी 'तडीपार' शब्द घेतो कारण लालबाग-परळमध्ये तो पोराटोरांना कळतो. लगेच फरकही सांगा. तडीपार माणसाला जिल्हा सोडावा लागतो, पण ठाणे जिल्ह्यात त्याला कोणी मारलं तर गुन्हा नोंदतात. ग्योट्सच्या डोक्यावर कायद्याचं छप्परच उरलं नव्हतं. कोणीही मारावं, कोणी विचारणार नाही. दोन वर्षांनी, १५१४ ला, १४,००० गुल्डन भरून तो परत आत आला. शिंप्याच्या शंभराशेजारी हा आकडा फळ्यावर लिहा. बाकी काही बोलू नका.

आणि तो सुधारला का? १५१६ ला माइन्ट्सच्या आर्चबिशपशी वैर चालू असताना त्याने हेसमध्ये घुसून वाल्डेकच्या काउंटलाच उचललं, मोठी खंडणी घेतली, पुढच्या वर्षी हॉर्नबर्गची गढी विकत घेतली आणि १५१८ ला पुन्हा कायद्याबाहेर गेला.

त्याच वैरातली क्राउटहाइमची रात्र. ही नीट सांगा. ग्योट्सने एका रात्रीत तीन ठिकाणी आगी लावल्या: बालेनबर्ग, ओबेर्नडोर्फ आणि क्राउटहाइमच्या गढीखालचा मेंढवाडा. तो स्वतः म्हणतो की आग लावायला मला आवडत नसे, पण गढीवरचा माइन्ट्सचा अंमलदार आग बघून बाहेर यावा, म्हणजे दोन हात करता येतील, म्हणून लावली. अंमलदार आला नाही. वरून ओरडला. खालून ग्योट्सने त्याला ती प्रसिद्ध शिवी दिली.

शिवी कशी सांगायची हा सगळ्यांचा प्रश्न असतो. अर्थ असा की, माझं मागचं चाट. मराठीत याहून जोरकस पर्याय आहेत आणि प्रत्येकाला ते ठाऊक आहेत, म्हणून मी म्हणतो: "त्याने अंमलदाराला आपली पाठीमागची बाजू जिभेने साफ करायचं निमंत्रण दिलं." आज्या सगळ्यात मोठ्याने हसतात. पुढे जर्मन कवी ग्योथेने १७७३ साली ग्योट्सवर नाटक लिहिलं आणि ही शिवी खिडकीतून, वरून खाली, वेढा घालणाऱ्यांवर फेकायला लावली. खरी शिवी खालून वर गेली होती. नाटकात वेढलेला शूर बोलतो. प्रत्यक्षात दुसऱ्याच्या मेंढवाड्याला आग लावून उभा असलेला माणूस बोलत होता.

हसू ओसरलं की विचारा: मेंढवाडा कोणाचा होता?

वैर ग्योट्स आणि आर्चबिशप या दोघांचं. आर्चबिशप आपल्या वाड्यात. अंमलदार भिंतीमागे. जळलं ते खालचं. शत्रूचं उत्पन्न मारायचं तर त्याची कुळं मारायची, त्यांची गुरं हाकायची, गावं पेटवायची. ही ग्योट्सची वेगळी दुष्टाई नव्हती, वैराची रीतच ती होती. वैरपत्र जाई मालकाच्या नावाने आणि त्याची बजावणी होई कुळाच्या पाठीवर.

इथे मी माझी एक गोष्ट सांगतो. तुमच्याकडे तुमची असेल, ती सांगा. नव्वदच्या आधीची गोष्ट, भायखळ्याच्या बाजूला एका चाळीत ताबा घ्यायचं वॉरंट होतं. वॉरंटवर नाव मूळ भाडेकरूचं. तो केव्हाच डोंबिवलीला राहायला गेला होता. मालक आणि भाडेकरू यांचा दावा अकरा वर्षं चालला, दोघं तारखेला एकत्र चहा प्यायचे. खोलीत राहत होता पोटभाडेकरू. कागदावर तो नव्हताच. मी पंच घेऊन गेलो तेव्हा बाई एकटी होती आणि स्टोव्हवर भात होता. झाकण उडत होतं. ती रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "साहेब, भात शिजू द्या, मग काढा." मी पंचांना खाली पाठवलं आणि जिन्यात उभा राहिलो. भात शिजला. तिने तो एका टोपात काढला, टोप फडक्यात बांधला, मग स्टोव्ह विझवला. त्यानंतर मी पंचनामा लिहिला: एक लोखंडी खाट, दोन ट्रंका, एक स्टोव्ह (गरम). 'गरम' हा शब्द कोणी लिहीत नाही. मी लिहिला. वरिष्ठांनी विचारलं हे काय. मी म्हटलं, होता.

ही गोष्ट फार लांबवू नका, दीड मिनिट बस. मग सरळ ग्योट्सकडे या, आणि लांडग्यांचा प्रसंग सांगा. एका स्वारीवर निघाला असताना वाटेत मेंढपाळाच्या कळपावर पाच लांडगे तुटून पडले. ग्योट्सला ते बघून आनंद झाला. त्याने लांडग्यांना यश चिंतलं आणि आपल्यालाही, कारण आपणही तेच करायला निघालो आहोत. शुभशकुन मानला त्याने. हे कोणा शत्रूने रचलेलं नाही, त्याने म्हातारपणी स्वतःच्या आठवणींत सांगितलं आहे. मेंढवाड्यानंतर हा प्रसंग सांगितला की श्रोत्यांना वेगळं काही समजवावं लागत नाही. आधी सांगितला तर तो नुसता गमतीचा किस्सा होतो. मी दोनदा आधी सांगून पाहिला आहे.

पुढचा भाग कैदेचा. १५१९ ला तो व्युर्टेम्बर्गच्या उलरिष ड्यूकच्या बाजूने म्योकम्यूल राखत होता. श्वाबियन संघाने वेढा घातला. खायला संपलं, गोळ्या संपल्या, बाहेर पडताना धरला गेला. मला सुखरूप जाऊ देण्याचं वचन मोडलं, अशी त्याची तक्रार. हाइलब्रोनला कैद. कैद म्हणताच आर्थर रोडचं चित्र डोळ्यापुढे येतं, तसं नव्हे. एक रात्र बुरुजात काढली आणि मग सराईत, स्वतःच्या खर्चाने, साडेतीन वर्षांच्या आसपास. सरदार होता ना. सुटका १५२२ ला, झिकिंगन आणि फ्रुंड्सबर्ग या दोन बड्या लढवय्यांनी शब्द टाकल्यावर, २,००० गुल्डन आणि एक शपथ: या कैदेचा सूड मी कोणावरही घेणार नाही. ही शपथ म्हणजे त्या काळचा चॅप्टर केसचा, म्हणजे शांतता राखण्याच्या हमीचा, बाँड समजा, फक्त जामीनदार म्हणून वर देव.

१५२५ चं शेतकऱ्यांचं बंड हा सगळ्यात अवघड तुकडा. मेंढवाडे जाळणारा सरदार एक महिना शेतकऱ्यांचा पुढारी झाला. ओडेनवाल्डच्या शेतकऱ्यांनी त्याला पुढारी केलं. तो म्हणतो, जबरदस्तीने, नाइलाज झाला. व्युर्त्सबर्गच्या किल्ल्याला वेढा पडला तेव्हा तो त्यांच्यात होता, आणि जूनच्या सुरुवातीला क्योनिग्सहोफेनला शेतकरी कापले गेले त्याच्या थोडं आधी निघून गेला होता. महिना भरला होता, असं त्याचं म्हणणं. १५२६ ला साम्राज्याच्या न्यायालयाने त्याला सोडलं. ज्या न्यायालयाला त्याने कधी जुमानलं नाही त्याच न्यायालयाने. इथे कोणीतरी विचारतं, तो खरंच मनातून शेतकऱ्यांच्या बाजूचा होता का. मी उलटं विचारतो: तुमच्या चाळीचा मालक मोर्च्याच्या पुढे चालताना दिसला तर तुम्ही काय समजाल? यावर दहा मिनिटं वाद होतो. होऊ द्या, पण घड्याळ बघा.

न्यायालयाने सोडलं तरी संघाने सोडलं नाही. १५२८ ला आउग्सबुर्गला बोलावून डांबला, १५३० ला सोडला तो अशा अटींवर: हॉर्नबर्गच्या हद्दीबाहेर जायचं नाही, एक रात्रही गढीबाहेर काढायची नाही, घोड्यावर बसायचं नाही. दहा वर्षं. ज्याने एक हात गेल्यावर घोडा सोडला नाही, त्याचा घोडा एका कागदाने सोडवला. या वाक्यावर थांबलात तर चालेल. बाकीचं झटपट: १५४० ला सम्राट पाचव्या कार्लने मोकळं केलं, १५४२ ला हंगेरीत तुर्कांवर गेला, १५४४ ला फ्रान्सवर, आणि २३ जुलै १५६२ ला हॉर्नबर्गला अंथरुणात मेला, ऐंशी ओलांडून. नाटकातला ग्योट्स कैदेत मरतो. खऱ्याला दोन बायका, दहा मुलं आणि आठवणी सांगायला भरपूर वेळ मिळाला. त्या आठवणी छापून आल्या १७३१ साली. कुठे? न्यूर्नबर्गात. ज्या शहराच्या तोफेने हात नेला, ज्या शहराचे व्यापारी त्याने लुटले, त्याच शहरात. हे मी शेवटून दुसरं सांगतो.

शेवटचं म्हणजे पाकीट. प्रत्येकाला एक पाकीट आणि एक कागद वाटा. उजवा हात पाठीमागे, खुर्चीच्या पाठीला धरून ठेवायचा, आणि नुसत्या डाव्या हाताने कागदाची घडी घालून पाकिटात सारायची. डावखुऱ्यांनी उलट. स्टेशनरी चाळीस जणांची शंभर-दीडशेत होते, क्रॉफर्ड मार्केटच्या मागून आणा. लोक पाकीट दातात धरतात, गुडघ्यात धरतात, शेजाऱ्याकडे बघतात, एकाने हनुवटीखाली धरलं आणि चष्मा पाडला. बहुतेकांना दोन मिनिटं पुरत नाहीत.

चिंचपोकळीला एका सभेत एक बाई भिंतीकडेच्या खुर्चीत बसल्या होत्या. मी "सुरू" म्हटलं आणि माझं घड्याळ खिशातून काढेपर्यंत त्यांचं पाकीट तयार होतं. कागद मांडीवर ठेवून तळहाताच्या कडेने घडी, पाकीट मांडीखाली अर्धं दाबून तोंड उघडं, कागद आत. मी जवळ गेलो. उजवा हात त्यांनी पदराखाली ठेवला होता, तो आजारपणानंतर चारेक वर्षं तसाच होता. मला काय बोलावं कळेना. त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या सरदाराला विचारा, ब्लाउजचं हूक कसं लावायचा."

आता मी पाकीट वाटायच्या आधी खुर्च्यांच्या रांगेतून एक चक्कर मारतो.